वेग वेगळा, वहनक्षमता वेगळी

'तुमच्या इंटरनेटचा वेग किती?' असे विद्यार्थ्यांना विचारून पाहा. 'शंभर एमबीपीएस' असे काहीतरी उत्तर येईल. विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थोडे थांबायला हवे. वेग म्हणजे एकक काळात कापलेले अंतर. सेकंदाला किती बिट जातात हे वहनक्षमतेचे माप झाले. नळाला मिनिटात किती बादल्या पाणी येते, यावरून धरणातून निघालेले पाणी घरी कधी पोचेल हे सांगता येत नाही.

या घोटाळ्यावर नेमके बोट ठेवणारे एक टिपण स्टुअर्ट चेशायर यांनी १९९६ साली लिहिले. तेव्हा ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधक विद्यार्थी होते. 'इट्स द लेटन्सी, स्टुपिड' हे त्याचे काहीसे उद्धट शीर्षक. लेटन्सी म्हणजे निरोप निघाल्यापासून पोचेपर्यंत होणारा विलंब. इतक्या वर्षांनी हे टिपण पुन्हा वाचताना त्यातले काय टिकले आणि काय अपुरे वाटते, ते आम्ही इथे मांडत आहोत.

टिकला आहे तो त्याचा गाभा. वहनक्षमता वाढवणे सोपे असते. एका तारेशेजारी दुसरी टाकली की ती दुप्पट होते. विलंबाचे तसे नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. स्टॅनफर्ड ते बोस्टन हे अंतर चेशायर ४३२० किलोमीटर धरतात. जाऊन येण्यास निदान ४३ मिलिसेकंद लागणारच. त्या वेळी प्रत्यक्षात सुमारे ८५ लागत होते. म्हणजे कितीही पैसा ओतला तरी हा काळ जेमतेम निम्मा होईल. दोन साध्या आकड्यांतून एवढा मोठा निष्कर्ष काढणे, हा या टिपणाचा खरा गुण आहे. नववीच्या मुलांनाही हे गणित करता येईल.

मोडेमवरचा भाग मात्र आता इतिहासजमा झाला आहे. तेव्हा घरच्या मोडेममध्येच सुमारे १०० मिलिसेकंद जात असत. हा काळाचा परिणाम, लेखकाचा दोष नव्हे.

आमचा आक्षेप आहे तो त्यातील दृष्टांताला. बोइंग ७४७ विमानात ७३७ च्या सुमारे तिप्पट माणसे मावतात, म्हणून ते तिप्पट वेगवान ठरते का, असे चेशायर विचारतात. वेग आणि वहनक्षमता यांतील फरक त्यातून चांगला कळतो. पण विमानाचा प्रवास एकेरी असतो. दूरच्या संगणकावर चालणारे काम म्हणजे प्रश्नोत्तरे असतात आणि तिथे फेऱ्या किती होतात याला महत्त्व येते.

हे आम्ही अनुभवातून शिकलो. आमच्या प्रयोगशाळेतील एक प्रोग्राम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सर्व्हरकडून नोंदी मागवत असे. तो फार रेंगाळायचा, म्हणून चौपट क्षमतेची लाइन घेतली. फरक जवळजवळ शून्य! मग एका फेरीचा वेळ मोजला, तो सुमारे पाव सेकंद निघाला. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतरच सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे प्रकाशालाच जाऊन येण्यास १२५ मिलिसेकंद हवेत, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. प्रोग्राम मात्र चारशे नोंदी एकेक करून मागत होता. ४०० गुणिले पाव सेकंद म्हणजे १०० सेकंद. सर्व नोंदी एकाच प्रश्नात मागवल्यावर काम काही सेकंदांत होऊ लागले. लाइनचे जादा पैसे मात्र वर्षभर भरावे लागले.

गावी आजीला पत्र लिहून भरल्या वांग्यांची कृती विचारायची आहे, असे समजा. एका पत्रात 'तेल किती?', उत्तर आल्यावर दुसऱ्या पत्रात 'मीठ किती?', असे केले तर महिने जातील. पोस्टमनला मोठी थैली देऊन काय उपयोग? विमानाच्या जोडीला असा दृष्टांत हवा होता.

दुसरे असे, की विलंबापुढे हात टेकावेत असा समज या टिपणामुळे होऊ शकतो. प्रकाशाचा वेग बदलत नाही, पण काम करण्याची रीत बदलता येते. २०१२ साली एमआयटीतील कीथ विन्स्टाइन आणि हरी बालकृष्णन यांनी 'मॉश' हा प्रोग्राम मांडला. दूरच्या संगणकाचे उत्तर येण्याआधीच तो आपण दाबलेले अक्षर अंदाजाने पडद्यावर दाखवतो, आणि अंदाज चुकल्यास दुरुस्त करतो. विलंब तेवढाच राहतो, तरी जाच कमी होतो.

उणिवा असूनही हे टिपण शिक्षकांनी वाचावे असे आम्हाला वाटते. वाचून झाल्यावर मैदानावर एक खेळ घ्या. दोन मुले दोन टोकांना, मध्ये धावणारा एक निरोप्या. वीस प्रश्न आधी एकेका चिठ्ठीवर पाठवा, मग सगळे एकाच कागदावर. दोन्ही वेळा घड्याळ लावा. नंतर निरोप्याला दप्तर देऊन तोच प्रयोग एकेका चिठ्ठीने पुन्हा करा आणि वेळ का वाचला नाही, हे मुलांनाच सांगू द्या.