'सिस्टर' आणि शुश्रूषा : एका पुतळ्याचे परीक्षण

सार्वजनिक पुतळा हा शिल्पाप्रमाणे भाषेचाही विषय होय. चौथऱ्यावर कोणते नाव कोरले आहे, यावरून समाजाची दृष्टी कळते. इंग्लंडातील वॉल्सॉल या औद्योगिक गावी एफ. जे. विल्यमसन यांनी घडविलेल्या पुतळ्याचे अनावरण १८८६ साली झाले. तो डोरोथी पॅटिसन (१८३२–१८७८) या परिचारिकेचा आहे; परंतु चौथऱ्यावर 'सिस्टर डोरा' हे लोकांच्या तोंडचे नाव आहे. धार्मिक सेविकासंघातून लाभलेले हे संबोधन त्यांनी संघ सोडल्यावरही टिकले.

संस्कृतात 'परिचर्या' म्हणजे भोवती वावरणे, तर 'शुश्रूषा' हे 'श्रु' धातूचे इच्छार्थक रूप. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. वरची मूर्ती परिचर्येची आहे : कामाचा वेष, हाती पट्टी. १८७२ साली मुंबईत बसविलेली नोबलकृत व्हिक्टोरिया राणी सिंहासनस्थ आहे. ही स्त्री कामात उभी आहे. तथापि मूर्तीपुढे रुग्ण नाही. ती उणीव चौथऱ्यावरील उत्थित शिल्पपट्ट भरून काढतात. त्यांत पेल्सॉलच्या खाणीतील १८७२ चा अपघात आहे, आप्तांची वाट पाहणारी माणसे आहेत. शुश्रूषा तेथे दिसते. म्हणून माझ्या मते या स्मारकाचे खरे कलामूल्य मूर्तीपेक्षा पट्टांत आहे. १९५७ साली मूळ संगमरवरी मूर्तीच्या जागी ब्राँझची मूर्ती आली, तरी हा निर्णय बदलत नाही.

'सिस्टर' हा शब्द मराठीतही रुळला. घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात वा विलेपार्ल्याच्या कूपरमध्ये रुग्ण हाक मारतो ती 'सिस्टर' अशीच. मात्र तेथील 'डोरा' आपल्याकडे गळाली. संबोधन उरले, व्यक्ती लोपली.

सावित्रीबाई फुले यांच्या बाबतीत उलट घडले. नाव सर्वतोमुखी झाले, २०१४ साली पुणे विद्यापीठालाही ते मिळाले. परंतु शिल्पांत त्यांच्या हाती बहुधा ग्रंथच असतो. ते रास्तच आहे. तथापि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला, ही गोष्ट शिल्पात क्वचितच उतरते. ग्रंथधारी मूर्तीच्या चौथऱ्यावर त्या अखेरच्या दिवसांचा एखादा पट्ट कोरला, तर विद्या आणि शुश्रूषा या एकाच जीवननिष्ठेच्या दोन बाजू होत, हे पाहणाऱ्यास सांगावे लागणार नाही.