गाणाऱ्याची नजर : ब्रायन ॲडम्सची छायाचित्रे

किशोरवयात ज्याची गाणी आपण तोंडपाठ केली, त्याच्याविषयी प्रौढपणी समतोल बुद्धीने लिहावयास बसले की मोठी पंचाईत होते. ती आवड रसिकतेची होती की केवळ वयाचा ज्वर होता, याचा उलगडा होत नाही. कॅनडाचा रॉक गायक ब्रायन ॲडम्स हा आमच्या पिढीतील पुष्कळांना असा पेचात टाकणारा कलावंत होय. १९८४ साली त्याची ‘रेकलेस’ ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि पुढे काही वर्षांत तिच्यातील गाणी कॅसेटींच्या वाटेने हैदराबाद, बंगळूर, कलकत्ता येथील वसतिगृहांत शिरली. घरी नाट्यपदे व भावगीते आणि घराबाहेर गिटार, असे दुहेरी श्रवण बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी मुलांच्या वाट्यास आले, आणि त्यांपैकी कोणी त्याबद्दल खंत केल्याचे ऐकिवात नाही.

त्या ध्वनिमुद्रिकेतील ‘समर ऑफ सिक्स्टी-नाइन’ हे गाणे आपल्याकडे अद्याप गायिले जाते. एका उन्हाळ्याची, हरवलेल्या तारुण्याची ती आठवण आहे. आता गंमत अशी, की ॲडम्सचा जन्म १९५९ च्या नोव्हेंबरातला. म्हणजे १९६९ च्या उन्हाळ्यात हा गृहस्थ नऊ वर्षांचा होता! जिम व्हॅलन्स या सहकाऱ्याच्या साथीने त्याने रचलेली ती स्मृती पंचांगाशी ताडून पाहण्याजोगी नव्हे. तसे करणेही अरसिकपणाचेच ठरेल. परंतु ती कोणाचीच नेमकी नसल्यामुळे कोणालाही लागू पडत होती. ज्यांना अजून भूतकाळच नव्हता अशा सतरा वर्षांच्या मुलांना तिने एक तयार भूतकाळ देऊ केला, आणि तो आम्ही अंगावर बेतलेल्या कोटाप्रमाणे मिरवला. १९९१ साली त्याचे ‘रॉबिन हूड’ चित्रपटातील प्रेमगीत ब्रिटनमध्ये सलग सोळा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तेथून पुढे त्याच्या संगीतात मला नवे फारसे आढळत नाही. २०२४ च्या डिसेंबरात तो शिलाँग, कलकत्ता, हैदराबाद आदी शहरांतून गाऊन गेला. तेही या मताच्या आड येत नाही.

त्याचे आजचे महत्त्व मला वाटते ते अन्यत्र आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून हा गायक कॅमेरा घेऊन व्यक्तिचित्रे टिपतो आहे, आणि ‘एक्सपोज्ड’ (२०१२), ‘वुंडेड’ (२०१३) व ‘होमलेस’ (२०१९) हे त्याचे ग्रंथ जर्मनीतील ग्यॉटिंगेनच्या श्टायडल या छायाचित्रग्रंथांविषयी अतिशय काटेकोर असलेल्या प्रकाशनाने काढले आहेत. नामवंत नटाने कविता केल्या किंवा गवयाने रंगांचे फटकारे मारले, की आपण आदराने मान डोलावतो आणि मनातल्या मनात हसतो. येथे तसे हसून भागत नाही.

‘एक्सपोज्ड’चा प्रथम विचार करू. त्यात नामवंतांची गर्दी आहे, आणि खरे सांगावयाचे तर निम्मी चित्रे वगळली असती तर ग्रंथाची शोभा वाढली असती. वेषभूषेच्या नियतकालिकांसाठी काढलेल्या चित्रांत चातुर्य आहे, लकाकी आहे, आणि पान उलटताच ती विसरली जातात. पिरेली कंपनीच्या २०२२ च्या दिनदर्शिकेसाठी त्याने काढलेली गायकगायिकांची चित्रेही याच जातीची. मात्र राणी एलिझाबेथचे २००२ सालचे चित्र निराळे आहे. राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात काढलेले हे चित्र; पण त्यात मुकुट नाही, सिंहासन नाही. एक वृद्ध स्त्री साध्या खुर्चीवर बसून हसते आहे आणि शेजारी चिखलात घालावयाचे रबरी बूट ठेवलेले आहेत. राजवैभव उतरवून ठेवण्याची ही खोडी नव्हे. जिच्याकडे आयुष्यभर लोक पाहत आले अशा व्यक्तीला घटकाभर पाहिले जाण्याच्या श्रमातून मोकळे करावे, असा काहीसा सहानुभाव तीत आहे. तो सहानुभाव कोठून आला, हे उघड आहे. हजारो डोळ्यांपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे चित्रकारालाही ठाऊक होते.

हीच जाण घेऊन तो ‘वुंडेड’मध्ये जखमी सैनिकांपुढे जातो, आणि येथे त्याची खरी कसोटी लागते. इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांत अनुक्रमे १७९ आणि ४५७ ब्रिटिश सैनिक मरण पावले. मृतांची नावे दगडावर कोरली जातात. जे हात, पाय, डोळे गमावून परत आले त्यांच्याकडे रस्त्यात कोणी टक लावून पाहत नाही, कारण तसे पाहणे असभ्य असते. ॲडम्सने त्यांना कोऱ्या पार्श्वभूमीपुढे उभे केले आहे. कोणी गणवेशात पदके लावून, तर कोणी उघड्या देहाने. कृत्रिम पाय, भाजलेली त्वचा, टाक्यांचे व्रण, सारे स्वच्छ प्रकाशात. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीत जो प्रकाश व्यंग झाकण्यासाठी वापरतात, तोच येथे काहीही झाकीत नाही.

यावर एक आक्षेप तत्काळ सुचतो : ही जखमांची सजावट झाली. मलाही प्रथम हीच शंका आली. परंतु चित्रे पुन्हा पाहताना ध्यानी येते, की या माणसांचा आविर्भाव छायाचित्रकाराने लादलेला वाटत नाही. ते स्वतः उभे राहिले आहेत. छाती काढून, हनुवटी किंचित वर करून, जणू रंगमंचावर पाऊल टाकावे तसे. दयेने पाहणाऱ्याला ते जागाच देत नाहीत. रिचर्ड ॲव्हेडनने १९८५ च्या ‘इन द अमेरिकन वेस्ट’ या ग्रंथात खाणकामगारांना आणि भटक्यांना अशाच पांढऱ्या कागदापुढे उभे केले होते, आणि ॲडम्सवर त्याचे ऋण स्पष्ट दिसते. पण ॲव्हेडनची माणसे चित्रकाराच्या तावडीत सापडल्यासारखी वाटतात. ॲडम्सची तशी वाटत नाहीत. कलावंत म्हणून ॲव्हेडन निःसंशय मोठा. तथापि या एका बाबतीत मी गायकाच्या बाजूने कौल देईन.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’वर पोसलेला टीकाकार येथे संवाद, विरोध आणि समतोल ही त्रयी काढील. ती लागूही पडते. धातूचा थंड उजेड व त्वचेची ऊब यांत विरोध आहे. जेथे पाय असावयाचा तेथील रिकाम्या जागेला वरच्या बाजूचे भरदार खांदे तोलून धरतात. हा रचनेचा विचार खोटा नाही. मात्र ती रिकामी जागा ही केवळ रचनेतील रिकामी जागा नव्हे. तो एका माणसाचा पाय होता. लौकिक भावना आणि सौंदर्यभावना यांमध्ये मर्ढेकरांनी घातलेले कुंपण या चित्रांपुढे टिकत नाही, असे मला वाटते. या चित्रांचे बळ ते कुंपण मोडण्यातच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे निराकरण मला करता येत नाही. कोऱ्या पार्श्वभूमीमुळे युद्धच चित्रातून पुसले जाते. या तरुणांना तेथे कोणी पाठविले? त्यांच्या समोरच्या बाजूस जे जखमी झाले, त्या इराकी व अफगाण माणसांची चित्रे कोठे आहेत? सैनिकांच्या मुलाखती सोबत छापल्या आहेत आणि त्या वाचनीय आहेत. परंतु त्या त्यांच्या वेदनेच्या कक्षेबाहेर क्वचितच जातात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी काढलेल्या चित्रांत भूक होती आणि भुकेचा मुलूखही होता. ॲडम्सच्या चित्रात मुलूख नाही. माणसाला इतके प्रतिष्ठेने उभे करावयाचे तर त्याच्या भोवतीचा सारा पसारा दूर सारावा लागतो, हे मला समजते. पण त्या पसाऱ्यातच गुन्हेगारही दडलेला असतो.

‘होमलेस’ हा ग्रंथ त्यामानाने फिका आहे. लंडनच्या रस्त्यांवर ‘बिग इश्यू’ हे साप्ताहिक विकणाऱ्या निराधार माणसांचे हे चेहरे. अंक निम्म्या किमतीत विकत घ्यावयाचा आणि पूर्ण किमतीस विकून पोट भरावयाचे, अशी ती योजना १९९१ च्या सप्टेंबरात सुरू झाली. म्हणजे ज्या दिवसांत ॲडम्सचे प्रेमगीत दुकानादुकानांतून वाजत होते, त्याच दिवसांत दुकानांबाहेर हे विक्रेते प्रथम उभे राहिले. या योगायोगाचा त्याने कोठे उल्लेख केलेला मला आढळला नाही. तो केला असता तर कदाचित ग्रंथाला धार आली असती. सैनिकांना जन्मभर उभे राहण्याची शिस्त लागलेली होती, ती या माणसांपाशी नाही. कॅमेऱ्यापुढे त्यांतील काही गोंधळतात, काही उगाच हसतात, आणि चित्रकार त्यांना मदत करू शकत नाही. तरी दोनतीन चेहरे असे आहेत की ते गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे आपल्याकडे पाहतात : अंक घेणार आहात, की नुसतेच पुढे जाणार?