‘जिमखाना’ शब्दाची व्युत्पत्ति : एक परीक्षण

शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या राजव्यवहारकोशांत दरबारी फार्सी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजले आहेत, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्याच छत्रपतींचें नांव मिरविणाऱ्या दादरच्या मैदानावर आज ‘जिमखाना’ नांदत आहे. मैदानाचें मूळ नांव माहीम पार्क; अवंतिकाबाई गोखले यांच्या खटपटीनें १९२७ सालीं तें शिवाजी पार्क झालें. ‘जिमखाना’ शब्दाचें उत्तरपद फार्सी, पूर्वपद ग्रीक, आणि शब्द इंग्रजांनीं घडविलेला! त्याच्या मुळाविषयीं जें मत कोशाकोशांतून उतरत आलें आहे, त्याचा पुरावा कितपत टिकतो हें येथें पाहावयाचें आहे.

हें मत कर्नल हेन्री यूल व आर्थर बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या कोशांतलें. हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या बोलींत रुळलेल्या चमत्कारिक शब्दांचा हा संग्रह. त्याचें नांवच मुळीं मोहरमांतील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचा गोऱ्या शिपायांनीं केलेला अपभ्रंश आहे. शब्दामागें सालवार उतारे देण्याची या कोशकारांची शिस्त आम्हांस वंद्य वाटते. म्हणूनच ती ढिली पडते तेथें बोलणें प्राप्त आहे.

त्यांचें म्हणणें असें : हिंदुस्थानींत रॅकेटच्या कोर्टास ‘गेंदखाना’ म्हणत, त्यांतील ‘गेंद’ काढून ‘जिम्नॅस्टिक’मधील ‘जिम’ बसविला गेला, आणि ही घडण बहुधा मुंबई इलाख्यांत झाली. मात्र शब्दाचा पहिला माग ते देतात तो रुडकीचा, १८६१ सालचा, आणि तोहि एका मेजरच्या सांगण्यावरून. आधारादाखल जोडलेल्या उताऱ्यांपैकीं पहिले १८७७ व १८७९ सालचे, अलाहाबादेकडील पत्रांतले. म्हणजे जन्म मुंबईस, पहिले साक्षी उत्तरेकडचे! वस्तुतः बाँबे जिमखाना १८७५ सालीं स्थापन झाला. कोशांतील उताऱ्यांहून जुना मुंबईचा पुरावा हाताशीं असतां तो घेतला गेला नाहीं, ही उणीव लहान नव्हे.

दुसरी शंका पदाची. मुंबईच्या मराठी माणसाचा शब्द ‘चेंडू’. ‘गेंद’ हा हिंदुस्थानी. तेव्हां घडण मुंबईची मानली तरी ती छावणींतील हिंदुस्थानी बोलणाऱ्या साहेबांच्या तोंडची असावी, शहरच्या बोलीची नव्हे, असें आम्हांस वाटतें. ‘खाना’ मात्र आमच्या घरचाच होऊन बसला होता. तोफखाना, नगारखाना, जामदारखाना यांच्या पंक्तीस जिमखाना सहज बसला, व मराठींत तो परका म्हणून कोणास टोंचला नाहीं.

अर्थाची गति तर याहून मनोरंजक आहे. विलायतेंत ‘जिमखाना’ म्हणजे घोडेस्वारीच्या शर्यतींचा मेळावा, अर्थात् एक दिवसाचा प्रसंग. आमच्याकडे ती संस्था, तिची इमारत, तिचें मैदान. पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदु जिमखाना १८९४ चा. पुण्यास १९०६ सालीं डेक्कन जिमखाना निघाला आणि पुढें भोंवतालच्या वस्तीचेंच तें नांव पडलें. कॉलेजांत ‘जिमखाना फी’ म्हणजे खेळांची वर्गणी. शिवाजी पार्कावर जिमखान्याच्या शेजारींच समर्थ व्यायाम मंदिर आहे. ‘व्यायाम मंदिर’ हा ‘जिम्नॅशियम’चा नेटका प्रतिशब्द खरा, पण त्यानें जिमखाना हटला नाहीं, कारण एकांत मल्लखांबाची तालीम ध्वनित होते, तर दुसऱ्यांत सभासदत्व आणि क्रिकेट.

मूळ प्रश्न सुटावयाचा तर १८६१ पूर्वीचा मुंबई इलाख्यांतील कागद हवा : पलटणीच्या खेळघराचा जमाखर्च, वर्गणीची पावती, चेंडूंच्या खरेदीची यादी, ज्यांत ‘गेंदखाना’ वा ‘जिमखाना’ तारखेनिशीं आला असेल. आमचे संग्राहक मोडी दप्तर जिवापाड जपतात आणि त्याच रुमालांत निघालेल्या इंग्रजी पावत्या रद्दींत टाकतात. त्या टाकण्यापूर्वीं एकवार वाचाव्या, व हा शब्द आढळल्यास साल, ठिकाण व मूळ अक्षरवटिका यांसह आम्हांस कळवावें.