मधले अक्षर कोणाचे?

आधी माझी एक चूक कबूल करतो. सतराव्या शतकात इंग्लंडमधील टॅव्हर्नचालकांनी काढलेल्या टोकनांचा अभ्यास मी सूच्यांवरून सुरू केला. विल्यम बॉइनची सूची १८५८ची, जी. सी. विल्यमसनने तिची सुधारित आवृत्ती १८८९ ते १८९१ या काळात काढली. त्यांत टोकनांवरची आद्याक्षरे एका ओळीत छापलेली आढळतात. समजा, ए. ई. बी. मी ती आपल्या रीतीने वाचत गेलो : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. पुढे टोकनांची छायाचित्रे पाहिली, तेव्हा ती अक्षरे त्रिकोणात दिसली. वर आडनावाचे, खाली नवऱ्याचे आणि त्याच्या शेजारी बायकोचे. मी ज्याला वडील समजत होतो, ती घरधनीण होती!

ही टोकने मोडीच्या टंचाईतून जन्मली. जेम्स राजाने १६१३मध्ये फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, पाडण्याचा मक्ता लॉर्ड हॅरिंग्टनला दिला होता. ती मक्त्याची पद्धत १६४४मध्ये बंद पडली. जानेवारी १६४९मध्ये चार्ल्स राजाचा शिरच्छेद झाला आणि त्या सुमारास टॅव्हर्नवाले, कॉफीगृहवाले, किराणावाले स्वतःच फार्दिंग पाडू लागले. एका बाजूला नाव, दुसरीकडे ठिकाण, आणि निरक्षर गिऱ्हाइकासाठी दुकानाच्या पाटीवरचे चित्र. १६७२मध्ये सरकारी तांब्याची नाणी आली आणि खासगी टोकनांवर बंदी घातली गेली.

जे. एच. बर्नने १८५३मध्ये ब्यूफॉय संग्रहाची सूची केली. ती वाचायला रसाळ आहे. ईस्टचीपच्या बोअर्स हेडचे टोकन आले, की शेक्सपियरचा फॉल्स्टाफ आठवतोच. पण टॅव्हर्नच्या आख्यायिकांत रमताना टोकन हे मुळात एक वचन आहे, याचा विसर पडतो. बॉइन-विल्यमसन यांच्याकडे आख्यायिका कमी, शिस्त जास्त. मात्र छपाईच्या सोयीसाठी त्रिकोणाची ओळ झाली आणि नोंद नवऱ्याच्या नावावर गेली.

मधल्या अक्षरावरून ती बाई गल्ल्यावर बसत होती, असे सिद्ध होत नाही. तेवढे मी म्हणणार नाही. पण उधारीसारख्या या चिल्लरीमागे एका माणसाची नव्हे, घराची पत उभी होती, एवढे ते अक्षर नक्की सांगते. काही टोकने तर एकट्या बायकांच्याच नावाची आहेत. म्हणून या सूच्यांबद्दल कृतज्ञ राहूनही माझे सांगणे एवढेच : ओळ वाचून थांबू नये, त्रिकोण पाहावा.