भय, पाणी आणि हृदय : ज्ञानेश्वरीतला आसरा

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आमच्या हाती आली. नाव नव्हतं, अक्षर मात्र वळणदार होतं. मजकूर असा : देव हृदयात आहे असं आपण सगळे मानतो, प्रवचनांतही तेच ऐकतो. मग दवाखान्याचा रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री छातीत धडधड होते ती का? आमची श्रद्धा कमी पडते का?

आज सरळ नवव्या अध्यायाकडे जायचं ठरलं होतं. ते राहू द्या. ही चिठ्ठी बाजूला ठेवून पुढे जाणं आम्हाला जमलं नाही. शिवाय प्रश्न वाटतो तसा फक्त मनाचा नाही, तो वाचनाचाही आहे. ‘देव हृदयात आहे, मग भीती कशाची’ हे वाक्य आपण गीतेच्या आणि ज्ञानेश्वरीच्या नावावर सर्रास खपवतो. ते तिथे खरंच तसं आहे का, एवढंच आज बघू.

आपल्याकडे भीतीवरचा पहिला उपाय लहानपणीच मिळतो. तिन्हीसांजेला दिवा लागला की रामरक्षा, मारुतिस्तोत्र. रामरक्षेची रचना आठवून बघा. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाकडे सोपवला आहे, त्यात हृदयाचीही पाळी येते. हे कवच आहे. धोका बाहेर, आपण आत, मधे देव. परसातल्या अंधाराची भीती याने जाते, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव असेल आणि आम्ही त्याला हसणार नाही. पण भीती आतूनच यायला लागली की कवचाची अडचण होते. धडधडणारी छाती कवचाच्या आतच असते ना!

तिथे मग हृदयातल्या देवाची आठवण येते. अठराव्या अध्यायात, अगदी शेवटाकडे, एकसष्टावा श्लोक. ईश्वर सगळ्या भूतांच्या हृदयात आहे, हे अर्धं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. उरलेलं अर्धं कोण सांगतं? हृदयात बसलेला हा ईश्वर सगळ्यांना मायेने, यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो आहे. ज्ञानेश्वर इथे दोन चित्रं जवळजवळ ठेवतात. एक प्रसन्न आहे : हृदयाच्या मोठ्या आकाशात हा ईश्वर सूर्यासारखा उगवला आहे. दुसऱ्यात मात्र मायेचा आडपडदा लावून तो एकटाच सूत्र हलवतो आहे, आणि बाहेर चौऱ्याऐंशी लक्ष योनींची छायाचित्रं नाचताहेत. बाहुल्यांचा खेळ. आता सांगा, आपण बाहुली आहोत आणि दोरी हलवणारा आपल्याच छातीत बसला आहे, यात धीर देणारं काय आहे? रात्री जाग आलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो आणखीच घाबरेल.

म्हणजे देव हृदयात असणं ही वस्तुस्थिती म्हणून सांगितलेली गोष्ट आहे. ती सज्जनालाही लागू, दुर्जनालाही. जवळ असणं वेगळं आणि आसरा असणं वेगळं. आसऱ्याची गोष्ट पुढच्या श्लोकात सुरू होते, त्यालाच शरण जा असं म्हटलं आहे तिथे. ज्ञानेश्वर ते कसं सांगतात? अहंता, वाचा, चित्त, शरीर सगळं देऊन त्याच्यात शिर. गंगेचं पाणी महासागरात शिरतं तसं. इथलं क्रियापद शिरण्याचं आहे, आणि शिरायचं आपण आहे. देव आपल्या आत आहे हे एकसष्टावा सांगतो, आपण त्याच्या आत जायचं हे बासष्टावा. प्रवचनात पहिल्यावर थांबून दुसऱ्याचं फळ मागितलं जातं. चिठ्ठी लिहिणाऱ्याची श्रद्धा कमी पडली असं आम्हाला वाटत नाही. त्याला अर्धीच गोष्ट सांगितली गेली.

आता या गंगेच्या पाण्याकडे लक्ष द्या. भीतीचा विषय निघाला की ज्ञानेश्वरांना पुन्हा पुन्हा पाणी सुचतं. प्रवरेकाठी नेवाशाला, शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 ला हा ग्रंथ सांगितला गेला, म्हणून असं झालं असं काही आम्ही म्हणणार नाही, तो निष्कर्ष फार स्वस्त होईल. भवसागर हा तर जुनाच शब्द. पण जुन्या शब्दाचं ज्ञानेश्वर काय करतात ते बघण्यासारखं आहे.

अकरावा अध्याय घ्या. विश्वरूप पाहून अर्जुन घाबरला. इथे भीती देवाचीच आहे! चार हातांचं ओळखीचं रूप परत दाखव म्हणून तो विनवतो. ज्ञानेश्वरांचा कृष्ण त्यावर चिडवतो त्याला. अमृताचा समुद्र अचानक समोर आला आणि बुडेन म्हणून कोणी तो सोडून गेला का? सोन्याचा डोंगर उचलत नाही म्हणून कोणी नाकारला का? पण चिडवून झाल्यावर देव हट्ट धरून बसत नाही. मागितलेलं रूप देतो. फक्त एवढं सांगतो की बाहेरून या रूपाचं सुख घे, पण चित्त तिथे, विश्वरूपापाशी राहू दे. पंख न फुटलेली पिल्लं घरट्यात असलेली पक्षीण आकाशात हिंडते, जीव मात्र घरट्यात ठेवून. गाय डोंगरात चरते, मन घरच्या वासराला बांधलेलं. दिशा पुन्हा तीच आहे बघा. देव हृदयात आणून ठेवायचा नाही, हृदय देवापाशी ठेवून चरायला जायचं. गायीला डोंगरात वाघाची भीती वाटत नसेल असं ज्ञानेश्वर कुठे म्हणत नाहीत.

बाराव्या अध्यायात तर आम्हाला सर्वांत मोठा दिलासा सापडतो. भवसिंधूला आलेला माज पाहून धाक कोणाला वाटणार नाही, असं खुद्द देव म्हणतो, आणि माझी माणसंही कदाचित भीत असतील अशी शंका त्यालाच येते. म्हणून तो मूर्तींचा मेळावा करून भक्तांच्या गावाला धावत येतो. भिणारा भक्त इथे नापास झालेला नाही. त्याची भीती हेच देवाच्या धावण्याचं कारण आहे. मग देव नावाडी होतो, आपल्या हजारो नामांच्या नावा सजवतो. सडे, म्हणजे एकटे दिसले त्यांना ध्यानाच्या कासेला लावतो. संसारी माणसांना तराफ्यावर घालतो. कोणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधतो. कास धरणं आपण आज सहज बोलून जातो, इथे तिचा पाण्यातला अर्थ अजून ओला आहे. आणि पेटी म्हणजे तरंगायला बांधतात ती. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला ज्यांना आठवतो, त्यांना टीकेची गरज नाही. डबा बांधलेला मुलगा भीत नाही का? भीतो की. पण बुडत नाही.

सोळाव्या अध्यायात हवा एकदम बदलते. दैवी गुणांची यादी सुरू होते आणि सव्वीस गुणांत पहिलं नाव अभयाचं. ज्ञानेश्वर आधी साधं सांगतात : महापुरात उडीच घेतली नाही तर बुडण्याची धास्ती कुठली, पथ्य पाळणाऱ्याच्या घरी रोगाची गणती कुठली. कर्म करताना अहंकार उठू दिला नाही की संसाराचं भय सुटतं. आणि मग ती प्रसिद्ध उपमा. पाणी मिठाला बुडवायला येतं, तोवर मीठच पाणी होऊन जातं. दुसरा उरला नाही, तर भ्यायचं कोणाला?

या उपमेपुढे मान तुकवूनही आमची एक तक्रार आहे आणि ती आम्ही लपवणार नाही. मिठाचं भय गेलं खरं, पण मीठही गेलं. ज्याने चिठ्ठी लिहिली तोच उरणार नसेल तर धीर दिला कोणाला? तर्क म्हणून हे उत्तर चोख आहे. रुग्णाच्या उशाशी बसून आम्हाला ते उच्चारवणार नाही. अद्वैताच्या भयमुक्तीवरचा हा आक्षेप काही आमचा शोध नव्हे, देवाशी वेगळेपण राखू पाहणारा कुठलाही भक्त तो घेईल. प्रश्न इतकाच की ज्ञानेश्वरांना तो दिसला होता का.

आम्हाला वाटतं, दिसला होता. पुन्हा अठराव्यात या, सहासष्टाव्या श्लोकापाशी. सगळं सोडून मला एकट्याला शरण ये, शोक करू नकोस. इथे ज्ञानेश्वर आधी शरण येण्याची व्याख्या करतात, ती सोळाव्यासारखीच कडक आहे : आपला भेद न ठेवता माझं एकपण जाणणं म्हणजे शरण येणं. लगेच दासीचा दाखला येतो. साध्या राजाने जवळ केलेली दासीसुद्धा त्याच्या बरोबरीची होते, मग विश्वेश्वर भेटूनही जीवाची गाठ सुटत नाही असले बोल कानाला लावू नकोस. इथवर सगळं एकरूप होण्याचंच चाललं आहे.

आणि मग ग्रंथात अशी एक गोष्ट घडते जी गीतेत नाहीच. श्लोक संपलेला आहे, मूळ संहिता पुढच्या विषयाकडे निघाली आहे. ज्ञानेश्वर थांबतात. कृष्ण आपला सावळा, कंकण घातलेला उजवा हात पसरतो आणि अर्जुनाला मिठी मारतो. युद्धभूमीवर, रथात. हृदयाला हृदय भिडतं, या हृदयातलं त्या हृदयात घातलं जातं. आणि हे करताना द्वैत मोडलं नाही असं ज्ञानेश्वर आवर्जून सांगतात. उपमाही आता मिठाची राहिली नाही. दिव्याने दिवा लावावा तशी ही मिठी. लावणारा दिवा राहतो, लागलेलाही राहतो.

सातशे श्लोकांवर नऊ हजारांच्या आसपास ओव्या लिहिणाऱ्या माणसाने मोक्याच्या जागी स्वतःच्या पदरचं काय घातलं, यावरून त्याचं मन कळतं. युक्तिवाद पुरा झाला होता. तरी घाबरून धनुष्य टाकलेल्या माणसाला कोणीतरी हाताने जवळ घ्यायला हवं, हे ज्ञानेश्वरांना जाणवलं असावं. हृदयातला देव हा शब्दप्रयोग आम्हाला या जागी पहिल्यांदा खरा वाटतो, कारण इथे तो आधीपासून बसलेला सूत्रधार नाही. तो आत्ता, मिठीतून, आत आला आहे आणि अर्जुनही त्याच्या आत गेला आहे.

पाण्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या मिठीनंतर अर्जुनाला सुखाचा पूर येतो. अकराव्यात बुडण्याच्या भीतीवरून ज्याला चिडवलं होतं तोच हा अर्जुन. आणि ज्ञानेश्वर म्हणतात की त्या पुरात, एवढा थोर असूनही, देवच बुडून गेला.

चिठ्ठी ज्यांनी लिहिली ते आज इथे असतील तर त्यांनी घरी जाऊन बाराव्या अध्यायातल्या नावाड्याच्या ओव्या आधी वाचाव्यात. अठराव्यातल्या मग. सोळाव्याची घाई नाही. नववा अध्याय आपण पुढच्या वेळी घेऊ.