कोकमाचे पत्रक

मालवणच्या बाजारात कोकम सरबताच्या बाटलीबरोबर हाती आलेले एक घडीपत्रक समोर आहे. एरवी ते टाकून दिले असते. पण एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सातवीच्या मुलांनी त्यातील मजकूर जसाच्या तसा तक्त्यावर उतरवलेला पाहिला. तक्त्यापाशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "आमच्या आजोबांना मधुमेह आहे, म्हणून आम्ही त्यांना रोज दोन पेले देतो." तेव्हा हे पत्रक नीट वाचणे भाग पडले.

पत्रकाचा दावा असा, की कोकमातील फिनॉलिक द्रव्ये वजन उतरवतात, कर्करोग नष्ट करतात आणि साखर आटोक्यात ठेवतात. पहिली चूक रसायनाची आहे. फिनॉलिक म्हणजे बेंझीनच्या वलयाला हायड्रॉक्सिल गट जोडलेला असलेले संयुग. वजनासाठी ज्याचा गाजावाजा होतो ते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल सायट्रिक आम्लाचे भावंड. त्यात ते वलयच नाही. शिवाय १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या १३५ जणांवरील बारा आठवड्यांच्या चाचणीत हे आम्ल घेणाऱ्यांचे वजन नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक उतरले नाही.

गार्सिनॉल मात्र खरोखर फिनॉलिक आहे. रातांब्याच्या सालीतले हे पिवळे द्रव्य. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील तापस कुंडू आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले, की ते पेशीतील हिस्टोनांवर अ‍ॅसिटिल गट चढवणाऱ्या विकरांना अडवते. काम महत्त्वाचे आहे, पण ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचे. पेशींवर टाकलेले द्रव्य आणि आतड्यातून रक्तात उतरलेले द्रव्य यांत मोठे अंतर असते. त्यातून गार्सिनॉल पाण्यात फारसे विरघळत नाही; मग सरबताच्या पेल्यात ते कितीसे येणार? पत्रक लिहिणाऱ्याने हा साधा प्रश्नही विचारलेला नाही.

सरबतात भरपूर असते ती साखर. आपल्याकडे अमृत कोकम करताना सालींच्या साधारण दुप्पट वजनाची साखर घालतात. आजोबांच्या पेल्यात औषध म्हणून हीच जात होती. आगळ द्यावे म्हटले तर त्यात मीठ. रक्तदाब असेल तर तेही बेतानेच.

कोकमातले फिनॉलिक मुलांना दाखवायचेच असेल तर त्याचा लाल रंग दाखवावा. तो अँथोसायनिनांचा आहे. दोन सोले पाण्यात भिजवून त्या पाण्यात चिमूट चिमूट खाण्याचा सोडा टाकला, की फेस येतो आणि लाल रंग जांभळट-निळसर होत जातो. लगेच लिंबू पिळले तर पुन्हा लालीकडे वळतो. खर्च काहीच नाही, आणि तक्त्यावर लिहायला मुलांचे स्वतःचे निरीक्षण मिळते.

पत्रकाच्या मागच्या बाजूला सोलकढीची कृती आहे. ती चांगली आहे, फक्त लसूण घालायची राहिली आहे.