जुनं ग्राफिक्स कार्ड आणि नवं प्रोटॉन

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि ‘जुन्या पीसीवर लिनक्स टाका’ हा सल्ला आपल्या नागपुरातही सर्रास ऐकू येऊ लागला. आम्हीही तो दिला. टायपिंग, ब्राउझरपुरता तो बरोबरच आहे. गेमिंगसाठी मात्र अर्धवट.

२०१८मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन आणलं, विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. मोठंच काम! पण त्यातलं डीएक्सव्हीके २.० आवृत्तीपासून व्हल्कन १.३ मागतं. बर्डीवरून घेतलेल्या सेकंडहँड पीसीत एनव्हिडियाचं जीटी ७१० असेल, तर त्याचा ड्रायव्हर ४७० मालिकेवरच थांबलाय आणि व्हल्कन १.२च्या पुढे जात नाही. मग जुनं प्रोटॉन निवडून बघा, चाललं तर चाललं. त्यापेक्षा एएमडीचं आरएक्स ५७० मिळालं तर बरं. मेसाचे खुले ड्रायव्हर त्याला आजही सांभाळतात. फक्त पॉवर सप्लाय दमदार हवा, आणि आपल्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत पंख्यातली धूळ आधी काढा, भाऊ!

पोरगा व्हॅलोरंटच खेळणारा असेल तर कार्ड बदलूनही उपयोग नाही. त्याचं अँटी-चीट लिनक्सवर चालतच नाही. ‘कुठला गेम खेळतोस?’ हे पेनड्राइव्ह लावण्याआधी विचारायचं असतं. आम्ही विचारत नव्हतो.